साधारण मुलीचा सत्कार

आमच्या घराण्यात मूर्ख कोणी जन्मलाच नाही, असं माझे थोरले भाऊ भय्यासाहेब सांगतात. त्यांचं म्हणणं खोडून काढेल असा शहाणाही घराण्यात कोणी जन्मला नाही, त्यामुळे ते वर्षानुवर्षं चालून राहिलं आहे.

आमचे वडील अमरावतीकडून नोकरीसाठी जबलपूरला आले. मग राज्यांची नवी वाटणी झाली, विदर्भ महाराष्ट्रात गेला आणि आम्ही मध्य प्रदेशात राहून गेलो. भय्यासाहेबांना त्याचं दुःख अजून आहे. फक्त तिकडे जाऊन राहायची त्यांची तयारी नाही. इथे ते फॅक्टरीतून मोठे साहेब होऊन निवृत्त झाले आणि आमच्या वस्तीतल्या मराठी मंडळाचे अध्यक्ष झाले. तिकडे गेले तर अध्यक्ष होऊ इच्छिणारे फार.

मी ज्योती, त्यांची बहीण. रेल्वेच्या ऑफिसात नोकरी केली, लग्न केलं नाही, आणि धाकटा भाऊ मोहन याच्या घरी वरच्या खोलीत राहते. मोहन त्याच फॅक्टरीत स्टोअरमध्ये आहे. स्वभावाने इतका गरीब की स्वतःच्या घराची बेलही दबकत वाजवतो. त्याची बायको हेमलता आणि एकुलती एक मुलगी अंजनी. ही गोष्ट अंजनीची आहे, पण हिच्यात बोलणारे बाकीचेच जास्त आहेत. त्याला माझा इलाज नाही.

अंजनी चार वर्षांची होईपर्यंत बोललीच नाही. मी तिला संध्याकाळी स्टेशनावर नेत असे, कारण गाड्या पाहिल्या की ती शांत बसायची. एक दिवस घरी वहिनी, म्हणजे भय्यासाहेबांच्या पत्नी, येऊन बसल्या होत्या. दोन तास झाले, तीन झाले, त्या उठेनात. तेव्हा अंजनी दारापाशी गेली, दार उघडलं आणि आयुष्यातलं पहिलं वाक्य स्वच्छ हिंदीत बोलली, "यात्रीगण कृपया ध्यान दें."

हेमलता आनंदाने रडायला लागली. वहिनी घरी गेल्या.

त्यानंतर अंजनी बोलायची, पण असंच. स्टेशनावरचं, टीव्हीवरचं, भाजीवाल्याचं ऐकलेलं वाक्य उचलायची आणि वेळ आली की ते ठेवून द्यायची. भूक लागली की "चाय गरम." झोप आली की "अब समाचार समाप्त हुए." मराठी तिला सगळं समजायचं, पण तोंडातून यायचं नाही. आता हे तर जबलपुरातल्या निम्म्या मराठी मुलांचं आहे, पण त्यांना कोणी दवाखान्यात नेत नाही.

अंजनीला न्यावं लागलं, कारण शाळेने हात वर केले. तिथल्या एका मॅडमने तिची बुद्धी मोजली. मोजणी तोंडी होती. मॅडम विचारायच्या, अंजनीने बोलून उत्तर द्यायचं. मॅडमने विचारलं, "घर में आग लग जाए तो क्या करोगी?"

अंजनीने विचार केला आणि म्हणाली, "यात्रीगण कृपया ध्यान दें."

मला विचाराल तर घराला आग लागल्यावर लोकांचं लक्ष वेधणं हे काही चुकीचं उत्तर नाही. पण मॅडमकडे जी उत्तरं छापलेली होती त्यांच्यात ते नव्हतं. आकडा आला पन्नासच्या थोडा वर. मॅडमने सांगितलं, मुलगी मंदबुद्धी आहे, शिवाय ऑटिझम आहे.

त्या वेळी आमच्या घरात सगळ्यांनी फक्त पहिला शब्द ऐकला. दुसरा नवा होता, आणि एक पुरत असताना दुसरा कशाला घ्यायचा.

भय्यासाहेब स्वतः आले, खुर्चीत बसले आणि म्हणाले, "आपल्या घराण्यात हे नाही. हेमलताच्या माहेरी पाहा कोणी असंन."

हेमलता चहा गाळत होती. तिच्या माहेरी दोन शिक्षक, एक तलाठी आणि एक किराणा दुकानदार. त्यांच्यापैकी कोणावर हे ढकलावं याचा ती विचार करत असेल.

"अन् हे बाहेर सांगू नका," भय्यासाहेब म्हणाले. "लतिकाचं लग्न व्हायचं आहे."

लतिका त्यांची मुलगी. तिला पाहायला मंडळी यायची होती, त्या दिवशी त्यांनी मला बोलावून घेतलं. "ज्योती, अंजनीला कुठं तरी हवापालट करून आण."

"आजच काहून?"

"हवा चांगली आहे आज."

मी तिला पनागरला ओळखीच्या शेतावर घेऊन गेले. मटाराचे दिवस होते. अंजनी बांधावर बसून शेंगा सोलून खात राहिली आणि इकडे लतिकाचं जमलं. लग्नाच्या दिवशीही "आवाज फार असतो, पोरीला त्रास होईल" म्हणून तिला घरीच ठेवलं. आवाजाने तिला त्रास होतो हे खरंच होतं. भय्यासाहेबांना ते त्या एकाच दिवशी आठवलं एवढंच.

लतिकाचा नवरा शैलेंद्र. कमानिया गेटजवळ, एका जलेबीच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्याचा कोचिंग क्लास आहे. पाटीवर त्याचा स्वतःचा फोटो आणि खाली लिहिलेलं, "आपके बच्चे में भी छुपा है जीनियस." छुपलेला बाहेर काढायची फी वेगळी. लग्नानंतर कितीतरी वर्षं त्याने अंजनीकडे पाहिलंही नव्हतं. दिवाळीला आला की तिच्या हातात फुलझडीची पेटी द्यायचा आणि बाजूला सरकायचा.

मग अंजनी सतरा वर्षांची असताना टीव्हीवर कुठलासा कार्यक्रम झाला. ऑटिझम असलेली काही माणसं त्यात होती. एक जण शहर एकदा पाहून अख्खं चितारायचा, एक कुठल्याही तारखेचा वार सांगायचा, एकीला एकदा ऐकलेली चीज जशीच्या तशी वाजवता यायची. दुसऱ्या दिवशी सकाळी शैलेंद्र दारात हजर. हातात मोठी पिशवी, मागे भय्यासाहेब.

"चाची जी," तो हेमलताला म्हणाला, "इतने साल आपने बताया क्यों नहीं?"

"काय नाही सांगितलं?"

"की इसको ऑटिझम है."

हेमलताने भय्यासाहेबांकडे पाहिलं. भय्यासाहेब छताच्या पंख्याकडे पाहत होते.

आता सगळ्यांनी दुसरा शब्द ऐकला होता आणि पहिला कोणालाच आठवत नव्हता. पिशवीतून रंगांचा डबा निघाला, छोटा कीबोर्ड निघाला, फिरवायचा रंगीत ठोकळा निघाला. आमच्या बैठकीत शोधमोहीम सुरू झाली. अंजनीने रंगांची झाकणं उघडून वास घेतला आणि बंद करून ठेवली. कीबोर्डचा एकच सूर दाबून धरला, कारण तो तिला आवडला. ठोकळा तिने सोफ्याखाली सरकवून दिला. शैलेंद्र हटला नाही. बोअर मारणाऱ्या ठेकेदारासारखा तो म्हणायचा, "होगा, होगा. और नीचे होगा."

शेवटी तो वारांवर आला. "अंजनी, छब्बीस जनवरी उन्नीस सौ अठासी, कौन सा दिन था?"

अंजनी म्हणाली, "मंगलवार."

शैलेंद्रने मोबाईलमध्ये पाहिलं. मंगळवार होता. त्याने मोबाईल भय्यासाहेबांना दाखवला. भय्यासाहेबांनी चष्मा पुसून पाहिला, तरी मंगळवारच होता.

मी आणि हेमलताने एकमेकींकडे पाहिलं. हेमलताचा मंगळवारचा उपास असतो. त्या दिवशी घरात साबुदाण्याची उसळ होते आणि अंजनीला ती जीव की प्राण. कोणताही दिवस असो, सकाळी उठली की ती "मंगलवार" म्हणून पाहते, लागला तर लागला. आठवड्यात वार सातच असल्यामुळे सातांतून एकदा ती बरोबर ठरायची, आणि शैलेंद्रच्या नशिबाने ती वेळ पहिलीच निघाली.

"भय्यासाहेब, ती नेहमी मंगळवारच म्हणते," मी सांगितलं.

"तू गप," भय्यासाहेब म्हणाले. "तुला काय समजते त्यातलं? आपल्या आजोबांना पाढे तोंडपाठ होते. घराण्यातच आहे ते. रक्त बोलते."

हेमलताचं माहेर त्या क्षणी आरोपातून सुटलं.

शैलेंद्रने तिची तयारी सुरू केली. रोज संध्याकाळी क्लास सुटला की यायचा आणि येताना खालच्या दुकानातून खोव्याची जलेबी आणायचा. आमच्याकडे ती काळी, जाड आणि तुपाने निथळणारी असते. तारीख विचारायची, अंजनीने "मंगलवार" म्हटलं की जलेबीचा तुकडा द्यायचा. चुकीच्या तारखांवरही तो द्यायचा, कारण "कॉन्फिडेन्स बढ़ाना है." अंजनीचं वजन वाढलं. कॉन्फिडेन्स शैलेंद्रचा वाढला.

खरा बदल हेमलताच्या दिवसात झाला. इतकी वर्षं तिला हळदीकुंकवाला बोलावताना बायका म्हणायच्या, "तुम्हीच या बरं, पोरीला कशाला त्रास." आता निरोप यायचे, "अंजनीला आणाच." बायका अंजनीला आपल्या पोरांच्या जन्मतारखा विचारायच्या, ती "मंगलवार" म्हणायची आणि त्या एकमेकींना कोपराने ढोसायच्या. कोणी पडताळून पाहत नव्हतं. हेमलता नवी साडी नेसून जायची आणि परत आल्यावर माझ्या खोलीत येऊन पलंगावर बसायची.

"ताई, खोटं आहे ना हे?"

"तुला काय वाटते?"

"खोटंच आहे," ती म्हणायची. मग थोड्या वेळाने, "पण काल त्या देशपांडेबाईंनी तिच्या डोक्यावरून हात फिरवला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा."

मी तिला म्हटलं, नागपूरला एक डॉक्टरीण आहे, याच मुलांचं काम करते. एकदा नीट विचारून येऊ. मोहनला सांगितलं तर तो म्हणाला, "भय्यासाहेबांना विचारून घ्या." आम्ही विचारलं नाही. रेल्वेची नोकरी केली होती मी, नागपूरचं तिकीट काढायला मला अध्यक्षांची परवानगी लागत नाही.

त्या डॉक्टरीणबाईंचं नाव काळमेघ. वयाने माझ्याएवढ्या, साध्या सुती साडीत. त्यांनी अंजनीला तोंडी काहीच विचारलं नाही. तिच्यासमोर चित्रं ठेवली. एका चित्रातला तुकडा गायब, खाली सहा तुकडे, योग्य त्यावर बोट ठेवायचं. बोलायचं नाही, सांगायचं नाही. अंजनी आधी खिडकीकडे पाहत बसली. मग एकदम कामाला लागली. काही चित्रांना ती चुकली, काही बरोबर आली, एक दोन ठिकाणी कंटाळून कुठंही बोट ठेवून मोकळी झाली. दुसऱ्या दिवशी पुन्हा बोलावलं, पुन्हा तसंच. तिने हिंदी वाचून दाखवायचं नव्हतं, वाचलेल्याचं चित्र दाखवायचं होतं. तेही तिने केलं. स्टेशनावरच्या पाट्या पाहून अंजनी वाचायला शिकली होती हे हेमलताला माहीत होतं. ते कोणी तिला विचारलंच नव्हतं.

संध्याकाळी काळमेघबाईंनी आम्हाला समोर बसवलं.

"पहिल्या वेळी तिचं बोलणं मोजलं गेलं," त्या म्हणाल्या. "बोलण्यात ती खूप मागे आहे. तो आकडा बुद्धीचा म्हणून लावला. चूक ती."

"मग बुद्धी किती आहे?" हेमलताने विचारलं. पदराचं टोक तिने मुठीत धरलं होतं.

"साधारण."

"साधारण म्हणजे?"

"म्हणजे सर्वसाधारण. शंभर माणसं उभी केली तर मधल्या घोळक्यात ती उभी असेल. तुम्ही आम्ही असतो तिथंच."

मी वारांचं विचारलं. त्या हसल्या. "असे लोक असतात. पण थोडे असतात. ऑटिझम ही एक गोष्ट आणि बुद्धी ही वेगळी. ऑटिझम असलेल्या काहींची बुद्धी कमी असते, काहींची फार असते, आणि पुष्कळांची अशीच असते, चारचौघांसारखी. लोकांना फक्त दोन टोकं माहीत आहेत. मधली मुलं कोणाला दिसतच नाहीत."

मग त्यांनी कामाचं सांगितलं. ती बोलत नाही, पण वाचते, तर तिला लिहू द्या. मोबाईलवर टाइप करायला शिकवा. घाई करू नका, एक शब्द लिहिला तरी चालेल, पण तिने लिहिलेलं खरं माना.

स्टेशनावर परतीच्या गाडीची वाट पाहत आम्ही बाकावर बसलो. हेमलताने समोसे आणले, पण स्वतःचा तसाच कागदात ठेवला. मला वाटलं, वाईट वाटून घेतलं हिने. इतकं हळदीकुंकू, इतक्या साड्या, सगळं गेलं आता.

"ताई," ती म्हणाली, "साधारण म्हणजे माझ्यासारखी ना?"

"हो. माझ्यासारखी पण."

"मग माझ्याशी बोलंन ती. कधी न कधी."

तिने अंजनीकडे पाहिलं. अंजनी समोसा खाण्यात गुंतली होती. हेमलता तोंडाला पदर लावून रडली आणि मी दुसरीकडे पाहत बसले.

जबलपूरला परत येईपर्यंत भय्यासाहेबांनी पत्रिका छापून घेतल्या होत्या. महाराष्ट्र दिनाला मंडळाचा कार्यक्रम असतो. त्या वर्षी त्यात "वऱ्हाडी मातीतील विलक्षण प्रज्ञा कु. अंजनी हिचा सत्कार व प्रात्यक्षिक" असं होतं. ज्या मातीतली म्हणून छापलं होतं ती माती अंजनीने कधी पाहिली नव्हती.

आम्ही त्यांना डॉक्टरीणबाईंचं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उतरत गेला. पन्नासचा आकडा ऐकल्यावरही तो इतका उतरला नव्हता.

"साधारण?" ते म्हणाले. "आपल्या घराण्यात साधारण कोणी नाही."

"आपण सगळेच आहो, भय्यासाहेब," मी म्हटलं.

"तुझं तू पाहा. प्रमुख पाहुण्यांना निमंत्रण गेलं आहे. साधारण पोरीचा सत्कार कसा करतात, सांग मला. काय बोलावं भाषणात?" मग आवाज खाली आणून, "चलो, एक तारीख होऊन जाऊ दे. मग जे सांगायचं ते सांगा. तोपर्यंत ती हुशार आहे."

मोहन कोपऱ्यात उभा होता. "एक तारीख जवळच आहे," तो म्हणाला. मोठ्या भावापुढे त्याचं हे सर्वांत लांब भाषण.

मधल्या दिवसांत हेमलताने तिला आपला मोबाईल दिला. पहिले काही दिवस तिने त्यावर फक्त गाड्यांची नावं लिहिली. मग एक दुपारी लिहिलं, "पंखा कम." हेमलताने पंखा कमी केला. मग, "दाल में नमक." हेमलताने चव घेतली, मीठ खरंच राहिलं होतं. आजवर त्या घरात वरणाबद्दल तक्रार करायची कोणाची हिंमत झाली नव्हती. हेमलता तो मोबाईल मला दाखवायला जिना चढून वर आली.

एक मेच्या संध्याकाळी मंडळाचा हॉल भरला. शैलेंद्रने स्टेजमागे अंजनीपेक्षा स्वतःचाच मेकअप जास्त करून घेतला होता. त्याच्या क्लासची पाटीही स्टेजवर आणून ठेवली होती. भय्यासाहेब माईकवर आले की घरातली मराठी सोडून पुस्तकी मराठीत जातात. "आमच्या कुळात ही जी प्रज्ञेची परंपरा अव्याहत प्रवाहित आहे," असं ते सुरू झाले आणि प्रमुख पाहुणे, जे कुठल्याशा बँकेचे मॅनेजर होते आणि ज्यांना मराठी येत नव्हतं, मान डोलवत राहिले.

मग शैलेंद्रने तारखा विचारायला सुरुवात केली. "दो अक्टूबर, उन्नीस सौ नब्बे."

"मंगलवार," अंजनी म्हणाली.

शैलेंद्रने पाहुण्यांपुढे मोबाईल धरला. बरोबर. टाळ्या. "पंद्रह अगस्त, दो हज़ार." पुन्हा मंगळवार. पुन्हा टाळ्या. चौथ्या तारखेलाही मंगळवार आला तेव्हा मला कळलं की जावईबापूंनी सगळ्या तारखा मंगळवारच्याच वेचून आणल्या आहेत. हॉलमध्ये एवढी माणसं होती, सगळी शिकलेली, नोकरीतली. एकाच्याही मनात आलं नाही की दर वेळी हाच वार कसा. ज्याला थक्कच व्हायचं असतं तो मोजत बसत नाही.

मागच्या रांगेतून तुळशीराम काका उठले. पोस्टातून निवृत्त झालेले, सरळ माणूस. त्यांना शंका नव्हती, हौस होती. "बेटा, माझ्या लग्नाची तारीख विचारतो. बारा मे, एकोणीसशे त्र्याहत्तर."

"मंगलवार."

"नाही," तुळशीराम काका म्हणाले. "शनिवार होता."

भय्यासाहेब माईकपाशी आले. "तुळशीरामजी, वय होतं माणसाचं. विस्मरण होतं."

"शनिवारच होता," बायकांच्या बाजूने काकू उठल्या. "माझा शनिवारचा उपास होता. बोहल्यावर मी उपाशी होती. माझ्या लग्नाचा वार मला नाही माहीत तर कोणाला?"

यावर समोरच्या रांगेतले एक गृहस्थ काकूंना म्हणाले की बाई, पोर असामान्य आहे, तिचं चुकणार नाही, तुम्ही एकदा पंचांग पाहून घ्या. दुसऱ्याने सुचवलं की त्या वर्षी वार मागेपुढे झाले असतील. चाळीस वर्षं ज्या लग्नात संसार केला त्या लग्नाचा वार तुळशीराम काकांकडून लोक काढून घेऊन राहिले होते. काकू रडकुंडीला आल्या. या गोंधळात कोणी तरी माईक हलवला आणि त्याने कर्कश शीळ घातली.

अंजनीने दोन्ही कान दाबले आणि खाली बसली. शैलेंद्र तिच्याजवळ वाकून म्हणाला, "बस एक और, बेटा, बस एक और," आणि खिशातून पुडा काढला.

हेमलता उठली. आजवर ती मंडळाच्या हॉलमध्ये कधी पहिल्या रांगेपर्यंतही गेली नव्हती. ती स्टेजवर चढली, माईकची वायर ओढून काढली, अंजनीपाशी जमिनीवर बसली आणि तिच्या हातात मोबाईल दिला. अंजनी थोड्या वेळाने टाइप करायला लागली. एका बोटाने, हळू. हॉलमधली सगळी माणसं एका मुलीच्या एका बोटाकडे पाहत राहिली. भय्यासाहेब हळूच म्हणाले, "काही तरी मोठं लिहून राहिली ती."

लिहून झालं. हेमलताने वाचलं, परत वाचलं, आणि मग माईकशिवायच, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवलं.

"मुझे नहीं मालूम कौन सा दिन. मंगलवार बोलो तो जीजाजी जलेबी देते हैं."

आधी तुळशीराम काका हसले. मग काकू, डोळे पुसता पुसता. मग अख्खा हॉल. प्रमुख पाहुणे सगळ्यात जास्त हसले, कारण संध्याकाळपासून त्यांना समजलेलं हे पहिलंच वाक्य होतं. शैलेंद्रच्या हातात पुडा तसाच उघडा होता आणि पाक त्याच्या नव्या कुर्त्यावर गळून राहिला होता. अंजनीने त्याच्या हातातून पुडा घेतला. तिच्या हिशेबाने तो तिचाच होता.

मोहन तोपर्यंत स्टेजच्या पायऱ्यांपाशी आला होता. भय्यासाहेब त्याला म्हणाले, "घेऊन जा हिला. नाक कापलं."

"जातो," मोहन म्हणाला. मग जरा थांबला. "पण नाक तिचं नाही कापलं, भय्यासाहेब." एवढं बोलून तो स्वतःच घाबरला आणि लेकीचा हात धरून जवळजवळ पळतच बाहेर पडला.

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. भय्यासाहेबांनी आठवडाभरात घराण्याचं रक्त परत घेतलं आणि दोष पुन्हा हेमलताच्या माहेरी पोचता केला. शैलेंद्र चिडला, त्याने आमच्याकडे येणं सोडलं. मंडळाच्या वार्षिक अहवालात "प्रात्यक्षिक उत्साहात पार पडले" असं आलं. हळदीकुंकवाची बोलावणी आटली. अंजनीला मूर्ख म्हणायला आता कोणी धजत नव्हतं, हुशार म्हणायची सोय राहिली नव्हती, आणि तिसरं काही म्हणायची आमच्या लोकांना सवय नाही. देशपांडेबाई रस्त्यात दिसल्या तर घाईत असतात. फक्त तुळशीराम काका आणि काकू अधूनमधून येतात. काकूंना अंजनीचं फार कौतुक. म्हणतात, माझा शनिवार तिनेच मला परत दिला.

शाळेत न जाता, घरी अभ्यास करून परीक्षा देता येते अशा बोर्डातून अंजनीने दहावीचा फॉर्म भरला. पेपर वेगळ्या शांत खोलीत, लिहायला जास्त वेळ, असं काळमेघबाईंच्या पत्रावर मिळालं. पहिल्या खेपेला गणितात नापास झाली. दुसऱ्या खेपेला पास, सगळे मिळून बावन्न टक्के. मोहनने अख्ख्या कॉलनीत पेढे वाटले. लोक पेढा तोंडात टाकून विचारायचे, "कितने परसेंट?" आणि मोहन छाती काढून "बावन" म्हणायचा. लोक पेढा तसाच गालात धरून त्याच्याकडे पाहायचे. पंचाण्णवला पेढा मिळतो, बावन्नला कसा गिळावा हे त्यांना समजत नव्हतं. त्याच वर्षी लतिकाच्या मुलाला पाचवीत यापेक्षा कमी पडले. तो पेपर कठीण होता म्हणे.

आता अंजनी पंचवीस वर्षांची आहे. बोलणं अजून फारसं नाही, पण लिहिणं भरपूर, आणि त्याचं नवंच होऊन बसलं आहे. परवा हेमलता तणतणत माझ्या खोलीत आली आणि पलंगावर बसली.

"ताई, पाहा ही काय लिहून राहिली मला."

मी वाचलं. "मम्मी, तुम एक ही बात पाँच बार बोलती हो. मैंने पहली बार में सुन लिया था."

"मग खरंच आहे," मी म्हटलं.

"तुम्ही तिचीच बाजू घ्या. काल म्हणते हा ड्रेस नको, आज म्हणते माझ्या खोलीत विचारून या. काकूंसमोर मला लिहून दाखवते, मम्मी चाय में चीनी ज़्यादा. जरा शरम नाही पोरीला. माझी काही किंमतच नाही राहिली घरात."

ती बराच वेळ तक्रार करत राहिली, लेकीची तक्रार करणाऱ्या कोणत्याही बाईसारखी. मी हूं हूं करत ऐकत होते. खालून भिंतीवर दोनदा टकटक झाली. अंजनीला काही हवं असलं की ती अशी वाजवते. हेमलता अर्ध्या वाक्यात उठली, "आले, आले, एवढी कायची घाई," म्हणत जिना उतरून गेली, आणि खाली पोचेपर्यंत तेच वाक्य तिने आणखी तीनदा म्हटलं.